प्रतिमा-संकोचन, अंकीय

अंकीय स्वरूपात साठविलेल्या प्रतिमेतील माहिती मूळ फाइलीपेक्षा कमी जागेत बसेल अशा रीतीने पुन्हा मांडण्याच्या क्रियेस प्रतिमा-संकोचन म्हणतात. छायाचित्रे, नकाशे, हस्तलिखितांची पाने, क्ष-किरण चित्रे इ. साठविणे आणि ती एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठविणे या दोन्ही कामांत त्याचा उपयोग होतो. संकेतस्थळांच्या बाबतीत ते अपरिहार्यच आहे. कारण तेथे प्रतिमा एकदा साठविली जाते पण हजारो वेळा पाठविली जाते आणि प्रत्येक वेळचा विलंब व खर्च वाचकाला सोसावा लागतो. संकोचित फाइलीवरून मूळ प्रतिमा जशीच्या तशी परत मिळत असेल, तर त्या संकोचनास हानिरहित व काही माहिती कायमची सोडून दिली जात असेल, तर त्यास हानियुक्त म्हणतात.

आवश्यकता : अंकीय प्रतिमा ही चित्रबिंदूंची म्हणजे पिक्सेलांची जाळी असते. प्रत्येक पिक्सेलासाठी तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांची तीव्रता ० ते २५५ यांदरम्यानच्या आकड्याने दाखवितात. अशा प्रत्येक आकड्यास १ बाइट (८ बिट) लागतो. ४,००० × ३,००० पिक्सेलांच्या छायाचित्रात १ कोटी २० लक्ष पिक्सेल असतात. ते जसेच्या तसे साठवावयाचे झाल्यास ३ कोटी ६० लक्ष बाइट लागतील आणि सेकंदाला २० लक्ष बिट वाहून नेणाऱ्या जोडणीवरून ते येण्यास १४४ सेकंद लागतील. प्रत्यक्षात कॅमेऱ्यातच संकोचन होऊन असे छायाचित्र बहुधा ४० लक्ष बाइटांच्या आसपास आलेले असते. त्याला १६ सेकंद पुरतात. तेच १,२०० × ९०० पिक्सेलांपर्यंत लहान करून योग्य प्रमाणात संकोचित केल्यास ते साधारणतः दीड ते दोन लक्ष बाइटांत बसते आणि एका सेकंदाच्या आत पडद्यावर उमटते. शहरातील वेगवान जोडणीवर हा फरक जाणवत नाही. मात्र डोंगराआडच्या गावात भ्रमणध्वनीवर पीकविम्याची सूचना किंवा परीक्षेचा निकाल पाहणाऱ्याला पान उघडेल की नाही हे या फरकावरच ठरते.

हानिरहित पद्धती : प्रतिमेतील शेजारशेजारचे पिक्सेल बहुधा सारखे असतात. आभाळाचा तुकडा, भिंत, कागदाची कोरी जागा यांत एका पिक्सेलावरून पुढच्याचा अंदाज करता येतो आणि ज्याचा अंदाज करता येतो ते पुन्हा पुन्हा लिहिण्याची गरज नसते. संदेशातील अशा अनावश्यक पुनरुक्तीचे गणिती मोजमाप क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञांनी १९४८ साली मांडले आणि कोणताही संदेश माहिती न गमावता किती आखूड करता येईल याला एक मर्यादा असते, हे त्यांनी दाखवून दिले [⟶ माहिती सिद्धांत].

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे सलग येणाऱ्या एकसारख्या पिक्सेलांची संख्या लिहिणे. ‘पांढरा, पांढरा, पांढरा…’ असे १,७२८ वेळा न लिहिता ‘पांढरे १,७२८’ असे लिहिले की काम भागते. १९८० साली प्रमाणित झालेल्या फॅक्स यंत्रणेत एका ओळीत १,७२८ बिंदू असत व तेथे याच युक्तीचा वापर केलेला होता. तिला जोड होती ती हफमन संकेताची. वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड व क्वचित येणाऱ्या चिन्हाला लांब संकेत द्यावा, ही कल्पना मॉर्सच्या तारायंत्र-लिपीइतकी जुनी आहे. तथापि, असे संकेत नेमके कसे ठरविले असता एकूण लांबी कमीत कमी होईल याची रीत डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकत असताना अंतिम परीक्षेऐवजी निबंध लिहिण्याची मुभा प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी विद्यार्थ्यांना दिली होती. त्या निबंधातून ही रीत निघाली. ती आजही जवळजवळ प्रत्येक जेपेग व पीएनजी फाइलीत वापरली जाते.

तिसरी युक्ती इझ्राएली शास्त्रज्ञ आब्राहाम लेंपेल व याकोव झिव यांची (१९७७ व १९७८). पूर्वी येऊन गेलेला आकड्यांचा क्रम पुन्हा आला, तर तो न लिहिता ‘इतके मागे जाऊन इतके आकडे उचला’ एवढीच सूचना लिहावयाची. टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये सुधारलेल्या या कुळातील एका पद्धतीवर १९८७ साली जिफ हा प्रतिमा-प्रकार आधारण्यात आला. त्यात एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. वेल्च यांच्या पद्धतीवर एकस्व होते व १९९४ च्या अखेरीस त्याच्या धारकांनी जिफ वापरणाऱ्या प्रणालींच्या निर्मात्यांकडून शुल्क मागण्याचे जाहीर केले. तोपर्यंत जिफ सर्वत्र पसरला होता. साहजिकच मोठा असंतोष माजला आणि त्यातूनच कोणाच्याही एकस्वात न अडकणारा पीएनजी हा प्रकार १९९५–९६ मध्ये तयार झाला. पीएनजी प्रत्येक ओळीतील पिक्सेलाचा अंदाज डावीकडील व वरील पिक्सेलांवरून बांधतो आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतील फरक तेवढा साठवितो. रेखाचित्रे, आलेख, बोधचिन्हे, पडद्यावरील मजकुराची चित्रे यांना तो उत्तम असतो. छायाचित्रात मात्र प्रत्येक पिक्सेलात थोडी अनियमितता असते, अंदाज चुकत राहतात व फाइल जेपेगच्या कित्येक पट मोठी होते. एकस्वाची मुदत अमेरिकेत २००३ मध्ये संपली. तोवर पीएनजीचा जम बसला होता.

हानियुक्त पद्धती : छायाचित्रांसाठी हानिरहित संकोचन सहसा निम्म्याच्या आसपास येऊन थांबते. त्याहून पुढे जावयाचे तर काहीतरी सोडून द्यावे लागते आणि काय सोडावे हे ठरविण्यासाठी यंत्राऐवजी मानवी डोळ्याकडे पाहावे लागते. डोळा प्रकाशाच्या कमीअधिकपणातील बारकावे जितक्या तीक्ष्णतेने टिपतो तितक्या तीक्ष्णतेने रंगातील बारकावे टिपत नाही. तसेच ठळक व सावकाश बदलणाऱ्या छटांमधील चूक त्याला चटकन दिसते, पण बारीक व दाट पोतातील चूक दिसत नाही. जेपेग पद्धतीची सर्व रचना या दोन गोष्टींवर उभी आहे. या पद्धतीला नाव देणारी तज्ञांची संयुक्त समिती १९८६ मध्ये स्थापन झाली आणि मानक १९९२ साली संमत झाले.

जेपेगमध्ये प्रथम तांबड्या, हिरव्या व निळ्या आकड्यांपासून एक दीप्तीचा व दोन रंगभेदाचे असे तीन नवे आकडे काढतात. दीप्तीत हिरव्याचा वाटा ०·५८७, तांबड्याचा ०·२९९ व निळ्याचा ०·११४ धरला जातो. डोळ्याची संवेदनक्षमता याच क्रमाने असते. त्यानंतर रंगभेदाचे आकडे बहुधा दर चार पिक्सेलांमागे एकच ठेवतात. एवढ्यानेच एकूण आकड्यांची संख्या निम्मी होते आणि छायाचित्र पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

पुढची पायरी हा या पद्धतीचा गाभा आहे. प्रतिमेचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातील ६४ आकड्यांचे विविक्त कोज्या रूपांतर करतात. म्हणजे चौकोनातील छटा ही ६४ ठराविक नमुन्यांची बेरीज आहे असे मानून त्यात प्रत्येक नमुन्याचा वाटा किती ते काढतात. पहिला नमुना पूर्ण सपाट असतो, पुढचे क्रमाने अधिकाधिक दाट पट्ट्यांचे असतात. चौकोन आभाळाचा असेल, तर पहिला गुणांक सोडून बाकीचे सर्व शून्याच्या जवळपास येतात. या टप्प्यावर माहिती कमी झालेली नसते, ६४ आकड्यांचे ६४ आकडेच राहतात. मात्र महत्त्वाचे सारे मोजक्या गुणांकांत एकवटलेले असते. फूर्ये रूपांतरानेही असेच पृथक्करण होते, परंतु त्यात चौकोनाची उजवी कड डाव्या कडेला जोडली आहे असे गृहीत धरले जाते व दोन्ही कडांच्या छटा जुळल्या नाहीत, तर त्या उडीमुळे खोट्या उच्च कंप्रता निर्माण होतात. कोज्या रूपांतरात चौकोनापुढे त्याचेच आरशातील प्रतिबिंब आहे असे मानलेले असते, त्यामुळे उडी पडत नाही.

हे रूपांतर नसीर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. अहमद हे मूळचे बंगळूरचे व त्या काळी अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापक होते. १९७२ मध्ये या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले होते. ते मिळाले नाही. विषय फारच सोपा वाटल्याने असे झाले असावे, असे अहमद यांनी पुढे नमूद केले आहे. अवघ्या काही पानांच्या त्या निबंधावर पुढे जेपेगच नव्हे, तर चलत्चित्रांच्या व अंकीय दूरचित्रवाणीच्या बहुतेक पद्धती उभ्या राहिल्या.

खरी हानी यानंतर होते. प्रत्येक गुणांकाला त्याच्यासाठी ठरविलेल्या संख्येने भागून भागाकार जवळच्या पूर्णांकात घेतात. सावकाश बदलणाऱ्या नमुन्यांसाठी भाजक लहान असतात, दाट नमुन्यांसाठी मोठे. उदा., भाजक १६ असलेल्या ठिकाणी गुणांक ३७ असेल, तर भागाकार २·३१ ऐवजी २ लिहिला जातो व परत गुणल्यावर ३२ मिळतात. भाजक ९९ असलेल्या ठिकाणी ४० हा गुणांक सरळ शून्य होतो. अशा रीतीने ६४ पैकी बहुसंख्य आकडे शून्य होतात. मग चौकोन नागमोडी क्रमाने वाचून शून्यांची सलग रांग मोजतात आणि उरलेल्यांना हफमन संकेत देतात. ३७ चे ३२ झाले ते झाले. पुढे कोणत्याही उपायाने ३७ परत मिळत नाहीत.

संगणक-प्रणालींत ‘गुणता’ म्हणून १ ते १०० पर्यंतचा जो आकडा विचारला जातो त्याने हे भाजक लहानमोठे होतात. तो शेकडेवारी नव्हे. गुणता ८० म्हणजे ८० टक्के माहिती शिल्लक राहिली असा अर्थ नाही आणि दोन निरनिराळ्या प्रणालींतील ८० सारखे असतीलच असेही नाही. सर्वसामान्य छायाचित्रासाठी ७५ ते ८५ पुरते. ९५ च्या पुढे फाइल झपाट्याने मोठी होते व डोळ्याला फरक दिसत नाही. ५० च्या खाली आभाळात व चेहऱ्यावर चौकोनांच्या कडा दिसू लागतात आणि काळ्यापांढऱ्या सीमारेषांभोवती माशा घोंघावल्यासारखे ठिपके उमटतात.

हानीची मर्यादा : जेपेगची गृहीते निसर्गदृश्याला लागू पडतात, अक्षराला नाही. अक्षराची कड ही एकदम बदलणारी सीमा असते, म्हणजे नेमके तेच दाट नमुने तिला लागतात जे भागाकारात शून्य होतात. देवनागरीत याचा फटका अधिक बसतो. कारण शिरोरेषा बारीक, मात्रा व रफार अक्षराच्या वर दाटीने आणि अनुस्वार म्हणजे केवळ एक ठिपका. तो ठिपका पुसला गेल्यास ‘मंद’ चा ‘मद’ होतो आणि वाचकाला चुकीची शंकाही येत नाही. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ या जोड्यांतील भेदही काही पिक्सेलांचाच असतो. जुन्या पोथीच्या किंवा मोडी कागदाच्या छायाचित्रात, जेथे शाई आधीच फिकट झालेली असते, तेथे ओघळ कोणता, अक्षर कोणते हा अभ्यासकाचा निर्णय असतो. भाजकांच्या कोष्टकाने तो आधीच करून टाकणे योग्य नव्हे.

डोळ्याला निर्दोष दिसणारी प्रतिमाही खोटी असू शकते, याचे उदाहरण २०१३ मध्ये जर्मनीत घडले. डाव्हिड क्रीझेल या संगणकशास्त्रज्ञाला असे आढळले की, एका प्रसिद्ध बनावटीच्या प्रतिलिपी-यंत्रातून काढलेल्या घराच्या आराखड्यात २१·११ चौ. मी. क्षेत्रफळाच्या खोलीवर १४·१३ हा आकडा आला आहे. यंत्रातील संकोचन-पद्धती पानावरील सारखे दिसणारे ठसे एकच समजून एकाच्या जागी दुसरा वापरत होती. जेपेगची चूक धूसर दिसते, त्यामुळे वाचक सावध होतो. ही चूक ठळक, स्वच्छ अक्षरांत छापलेली होती. म्हणूनच औषधांची मात्रा, जमिनीचे मोजमाप, हिशेब अशा कागदांसाठी ठसे जुळविणारे हानियुक्त संकोचन वापरू नये. अमेरिकेतील फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनने बोटांच्या ठशांसाठी जेपेग नाकारले, तेही अशाच विचाराने. उच्च संकोचनात चौकोनांच्या कडा ठशातील रेषांत मिसळतात; म्हणून १९९३ मध्ये तरंगिकांवर आधारलेली निराळी पद्धत तेथे स्वीकारण्यात आली. तिच्यात सु. १५ पट संकोचन होते.

संकेतस्थळासाठी प्रतिमा तयार करणे : येथे सर्वांत मोठी बचत संकोचन-पद्धतीने नव्हे, तर प्रतिमेचे मोजमाप कमी करण्याने होते. पानावरील ८०० पिक्सेल रुंद जागेत ४,००० पिक्सेल रुंद प्रतिमा घातली, तर ब्राउझर ती पूर्ण उतरवून घेतो आणि मग लहान करून दाखवितो. पंचविसातील चोवीस भाग माहिती वाया जाते. दाट पिक्सेलांच्या पडद्यांसाठी दुप्पट रुंदीची वेगळी प्रत ठेवावी व पडद्याच्या रुंदीनुसार योग्य प्रत निवडण्याची सूचना पानाच्या संकेतात द्यावी. प्रतिमा लहान करताना दर अमुक पिक्सेलांतील एक उचलून चालत नाही. साडीची वीण, खिडकीची जाळी, कौलांच्या रांगा यांवर त्यामुळे मुळात नसलेले लाटांसारखे पट्टे उमटतात. शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेणारी पद्धत निवडावी लागते. ‘इंचास ७२ बिंदू’ असा आकडा भरला की फाइल लहान होते, हा समज बराच रूढ असला तरी निराधार आहे. तो आकडा म्हणजे मुद्रणासाठीची केवळ एक नोंद असते. पिक्सेलांची संख्या बदलली नाही, तर तिचा फाइलीच्या आकारावर व पडद्यावरील दर्शनावर परिणाम होत नाही.

कॅमेऱ्याच्या फाइलीत चित्राखेरीज छायाचित्राची वेळ, कॅमेऱ्याची माहिती, एक छोटी प्रत आणि पुष्कळदा स्थळाचे अक्षांश-रेखांशही असतात. प्रसिद्धीपूर्वी ते काढून टाकल्याने काही हजार बाइट वाचतात, ही गोष्ट किरकोळ आहे. एखाद्याच्या राहत्या घराचा ठावठिकाणा नकळत जगजाहीर होत नाही, हे अधिक महत्त्वाचे.

जेपेग फाइल उघडून, फेरफार करून पुन्हा जेपेगमध्येच साठविली की वरील भागाकार नव्याने होतो. कडेचा भाग कापल्यामुळे चौकोनांची जागा सरकली असेल, तर हानी अधिक होते. संदेश-प्रणालींतून हातोहात फिरलेले जुने कौटुंबिक छायाचित्र धुरकट दिसते ते यामुळे. अनेक प्रणाली प्रत्येक प्रेषणाच्या वेळी ते आणखी लहान करून संकोचित करतात. यासाठी मूळ प्रत हानिरहित प्रकारात, निदान कॅमेऱ्यातून आली तशी, वेगळी जपून ठेवावी व संकेतस्थळाची प्रत दर वेळी तिच्यावरूनच काढावी.

मजकूर प्रतिमेच्या रूपात देण्याची प्रथा मराठी संकेतस्थळांवर १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली. वाचकाच्या संगणकावर देवनागरी टंक असण्याची तेव्हा खात्री नसे, त्यामुळे शीर्षके आणि कधीकधी संपूर्ण लेखही जिफ चित्रे म्हणून दिले जात. युनिकोड सर्वत्र झाल्यावर तिचे कारण उरले नाही. परिपत्रके व जाहीर सूचना मात्र अजूनही छायाचित्राच्या रूपात टाकलेल्या आढळतात. युनिकोडच्या प्रचलित मांडणीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. दोन हजार चिन्हांची सूचना ६,००० बाइटांत मावते. तिच्या छायाचित्राला लाखभर बाइट लागतात आणि त्यात शोध घेता येत नाही, की अंध वाचकाच्या संगणकाला ते सहजासहजी वाचून दाखविता येत नाही. अशा ठिकाणी संकोचनाचा प्रश्नच चुकीचा ठरतो.

नवे प्रकार : चलत्चित्रांसाठी विकसित झालेल्या पद्धतींतील एकच चौकट घेऊन स्थिर प्रतिमा साठविणे, हा २०१० नंतरच्या बहुतेक नव्या प्रकारांचा मार्ग आहे. २०१० मध्ये आलेला वेबपी हा तशाच दर्जाच्या जेपेगपेक्षा सु. एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश लहान असतो, असे त्याच्या निर्मात्यांचे मोजमाप आहे. २०१९ मध्ये निश्चित झालेला एव्हिफ त्याहूनही लहान होतो, मात्र तो तयार करण्यास संगणकाला बराच अधिक वेळ लागतो. या प्रकारांत चौकोनांचे आकार प्रतिमेनुसार बदलतात आणि शेजारच्या चौकोनावरून पुढच्याचा अंदाज बांधला जातो, त्यामुळे कमी बाइटांतही कडा फुटलेल्या दिसत नाहीत. त्याऐवजी त्वचेचा, कापडाचा व भिंतीचा पोत गुळगुळीत होऊन जातो. जुन्या ब्राउझरांसाठी जेपेगची पर्यायी प्रत ठेवणे इष्ट असते. जेपेग एक्सएल हे मानक २०२२ मध्ये पूर्ण झाले. जुनी जेपेग फाइल आणखी हानी न करता सु. एक-पंचमांशाने लहान बांधणे व पुढे हवी तेव्हा ती मूळच्या शेवटच्या बिटापर्यंत तंतोतंत परत काढणे, ही त्याची सोय ग्रंथालयांच्या व दप्तरखान्यांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ब्राउझरांनी त्याचे स्वागत मात्र सारख्या उत्साहाने केले नाही : २०२३ मध्ये सफारीने त्याचा समावेश केला आणि त्याच वर्षी क्रोमने आपला प्रायोगिक आधार काढून टाकला.